काखेत कळसा, पण कुणाच्या काखेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादा मोठा निकाल जाहीर होतो किंवा तिकिटांची विक्री खुली होते आणि संकेतस्थळ कोलमडते. बातमीत 'सर्व्हर डाऊन' एवढे दोनच शब्द येतात. पुढे 'सर्व्हरची संख्या वाढवली आहे' असा खुलासा येतो आणि विषय मिटतो. वितरित कॅशिंगचे काम करणाऱ्यांना हा खुलासा वाचून हसावे की रडावे कळत नाही, कारण ऐन गर्दीत सर्व्हर वाढवणे हेच अनेकदा कोसळण्याचे निमित्त ठरते. असे उलटे का घडते ते नीट कुठे लिहून येत नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

आधी एक खुलासा. इथली कॅश म्हणजे रोकड नव्हे. हा शब्द फ्रेंचमधून आलेला, अर्थ लपवून ठेवलेला साठा. एकदा आणलेल्या पानाची, चित्राची वा फाइलची प्रत वाचकाच्या जवळच्या संगणकावर ठेवायची आणि पुढच्या मागणीला तीच द्यायची, इतके साधे हे काम. प्रत सापडली तर हिट, नाही सापडली तर मिस, आणि मिस झाला की मूळ सर्व्हरपर्यंत हेलपाटा.

एकच कॅश मोठी करत गेलो तर भागत का नाही? वेबवरच्या मागणीचा स्वभाव विचित्र आहे. थोडी पाने प्रचंड मागितली जातात आणि उरलेल्या असंख्य पानांना अधूनमधून एखादाच वाचक मिळतो. सहा ठिकाणच्या प्रॉक्सींच्या, म्हणजे वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये बसणाऱ्या यंत्रांच्या, नोंदी तपासणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मागणी झिफच्या नियमासारखी, म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमांकाबरोबर ठरावीक घाताने, उतरत जाते असे दिसले, घातांक ०.६४ ते ०.८३ च्या दरम्यान. याचा व्यवहारातला अर्थ असा की साठा दुप्पट केला म्हणून हिट दुप्पट होत नाहीत. प्रत्येक दुपटीला त्याच मापाची छोटीशी भर पडते. म्हणून लोकांनी दुसरा मार्ग धरला. एकाची कॅश फुगवण्यापेक्षा दहा जणांच्या कॅश एकमेकींना जोडायच्या. जोडल्याबरोबर मात्र नवा प्रश्न उभा राहतो. प्रत दहांपैकी कुणाकडे आहे? काखेत कळसा आहे हे नक्की, पण काखा दहा.

पहिले उत्तर माणसाला सुचेल तसेच होते. शेजाऱ्यांना विचारा. हार्वेस्ट प्रकल्पातून निघालेली कॅश आणि तिच्यापासून १९९६ मध्ये तयार झालेला स्क्विड हा प्रॉक्सी यांनी हीच रीत रूढ केली. त्यासाठीचा आयसीपी हा संवाद-नियम १९९७ मध्ये आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) २१८६ आणि २१८७ म्हणून छापला गेला. आपल्याकडे पान नाही असे दिसले की कॅश सगळ्या शेजाऱ्यांना यूडीपीवरून (पोच न मागता छोटे संदेश पाठवण्याची पद्धत), पोर्ट ३१३० वर, एक छोटा प्रश्न पाठवते, 'हा पत्ता तुझ्याकडे आहे का?' पहिला 'आहे' म्हणणारा जिंकतो. सगळे 'नाही' म्हणाले तर मूळ सर्व्हर गाठायचा.

कागदावर हे छानच दिसते. आता हिशेब करा. दहा कॅश आहेत, प्रत्येकीवर सेकंदाला ५०० मिस. एका मिसमागे ९ प्रश्न आणि ९ उत्तरे, म्हणजे १८ पॅकेट. एकूण सेकंदाला ९०,००० पॅकेट, तीही अजून एकही पान हाती आलेले नसताना. कॅश वीस केल्या की एका मिसमागे ३८ पॅकेट आणि एकूण ३,८०,०००. शेजारी दुप्पट झाले आणि बडबड चौपट झाली. त्यात एखाद्या शेजाऱ्याचे उत्तर वाटेत हरवले तर ठरलेली मुदत संपेपर्यंत वाट पाहायची. ही मुदत दोन सेकंदांपर्यंतही असे. म्हणजे ज्या वाचकाला आधीच दूर जावे लागणार आहे, त्यालाच आणखी ताटकळत ठेवायचे. आयसीपीच्या प्रश्नात फक्त पत्ता जातो, विनंतीची हेडर, म्हणजे सोबतच्या तपशिलाच्या ओळी, जात नाहीत, हा आणखी एक घोळ. शेजारी प्रामाणिकपणे 'आहे' म्हणतो, प्रत्यक्षात ती प्रत शिळी निघते किंवा दुसऱ्याच भाषेतली निघते. २००० साली आलेल्या एचटीसीपी या नव्या संवाद-नियमाने प्रश्नासोबत हेडर पाठवण्याची सोय केली. बडबड मात्र तशीच राहिली.

दुसरे उत्तर जास्त चतुर होते. दर वेळी विचारण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्याकडच्या साठ्याची यादी शेजाऱ्यांना अधूनमधून देऊन ठेवायची. दहा लाख पत्त्यांची पूर्ण यादी परवडणार नाही, म्हणून तिचा गोषवारा द्यायचा. त्यासाठी बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेला ब्लूम फिल्टर वापरतात. बिटांची एक लांब ओळ घ्यायची, सगळी शून्ये. प्रत्येक पत्त्यावर काही हॅश, म्हणजे अक्षरांवरून ठरावीक आकडा काढणारी सूत्रे, चालवून येतील त्या जागांवर १ लिहायचा. पुढे एखादा पत्ता आहे का पाहताना त्याच जागा तपासायच्या. एकही शून्य सापडला तर पत्ता यादीत नक्की नाही, सगळे १ असतील तर 'बहुधा आहे'.

या 'बहुधा'ची किंमत मोजता येते. दर पत्त्याला १० बिट आणि ७ हॅश घेतले तर दहा लाख पत्त्यांचा गोषवारा साडेबारा लाख बाइटांत बसतो आणि खोट्या 'आहे'चे प्रमाण सुमारे ०.८ टक्के राहते. स्क्विडच्या कॅश डायजेस्टमध्ये मुळातली मांडणी दर पत्त्याला ५ बिट आणि ४ हॅश अशी आहे. गोषवारा निम्मा होतो, चूक सुमारे ९ टक्क्यांवर जाते. एका शेजाऱ्यापुरते हे खपेल. नऊ शेजारी असतील तर कुणाकडेच नसलेल्या पानाबद्दल निदान एकाचा तरी गोषवारा खोटे 'आहे' म्हणण्याची शक्यता पहिल्या मांडणीत सुमारे ७ टक्के आणि दुसरीत ५८ टक्के. बिट वाचवायला गेलो आणि अर्ध्याहून जास्त वेळा चुकीचे दार ठोठावले. शेजारी फार असतील तर बिटांत कंजुषी नको, हे इतके उघड गणित असूनही मूळ सेटिंग तसेच ठेवून वर्षानुवर्षे चालवलेली यंत्रणा सर्रास दिसते.

गोषवाऱ्याची दुसरी अडचण तो शिळा होण्याची. स्क्विड तो मुळात तासाने एकदा नव्याने बांधतो. मधल्या वेळात आलेली पाने शेजाऱ्यांना दिसत नाहीत आणि काढून टाकलेली पाने दिसत राहतात. साध्या ब्लूम फिल्टरमधून नाव खोडताही येत नाही, कारण तो १ आणखी कुणाचाही असू शकतो. खोडायचे तर प्रत्येक जागी बिटाऐवजी ४ बिटांचा छोटा मोजक ठेवावा लागतो. शेजाऱ्याकडे जाताना विनंतीवर 'ओन्ली-इफ-कॅश्ड' ही सूचना लावणे हा बचावाचा भाग. गोषवारा खोटा निघाला तर शेजारी स्वतः मूळ सर्व्हरकडे धावत नाही, ५०४ हे उत्तर देऊन मोकळा होतो आणि आपण सरळ वाटेला लागतो. ही सूचना विसरली आणि दोन कॅश एकमेकींना शेजारी मानत असल्या, तर विनंती दोघींमध्ये चेंडूसारखी फिरते. विनंती कुठून कुठून आली ते नोंदवणाऱ्या 'व्हाया' हेडरमध्ये आपले नाव आधीच दिसते का, हे तपासणे त्यासाठीच.

तिसरे उत्तर आज जवळपास सगळीकडे वापरले जाते आणि 'सर्व्हर वाढवले' या खुलाशाचा संबंध त्याच्याशी आहे. विचारायचे नाही आणि यादीही ठेवायची नाही, प्रत कुठे असायला हवी ते हिशेबाने काढायचे. पत्त्यावर हॅश चालवून एक आकडा मिळवायचा आणि त्या आकड्यावरून कॅश ठरवायची. सगळ्यांचा हिशेब एकच असेल तर सगळे त्याच दारी जातील, आणि एका पानाची प्रत दहा ठिकाणी न राहता एकाच ठिकाणी राहील. दहा कॅशचा साठा खरोखर दहापट होतो तो इथे.

हिशेब कसा करायचा यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. नवशिका आकड्याला कॅशच्या संख्येने भागतो आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या कॅशकडे जातो. कॅश दहा आहेत तोवर हे उत्तम चालते. अकरावी जोडली की भाजक १० चा ११ होतो. १० ने आणि ११ ने भागून बाकी सारखीच येणारे आकडे ११ त एकच. म्हणजे ९१ टक्के पानांचे घर एका क्षणात बदलले. जुन्या घरी प्रती तशाच पडून आहेत, पण तिकडे कुणी फिरकणार नाही. नव्या घरी त्या पोहोचलेल्याच नाहीत.

आता गर्दीचा प्रसंग घ्या. सेकंदाला १०,००० विनंत्या येताहेत, ९० टक्के हिट आहेत, मूळ सर्व्हरवर १,००० पडताहेत आणि तो धापा टाकतो आहे. कुणीतरी मदत म्हणून अकरावी कॅश लावते. त्या क्षणी हिट ८ टक्क्यांच्या आसपास येतात आणि मूळ सर्व्हरवर सेकंदाला ९,००० हून जास्त विनंत्या कोसळतात. तो बसतो. त्याच्याकडून उत्तर नाही म्हणून नव्या घरांत प्रती भरत नाहीत, प्रती नाहीत म्हणून सगळे पुन्हा त्याच्याचकडे. एखादी कॅश बंद पडली तरी हेच घडते, फक्त भाजक ११ चा १० होतो. हा दोष यंत्राचा नाही, भागाकाराचा आहे.

यावरचा उपाय जुना आहे. मिशिगन विद्यापीठातील थेलर आणि रविशंकर यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या रीतीत पत्ता आणि कॅशचे नाव एकत्र करून प्रत्येक कॅशसाठी वेगळा हॅश काढतात. ज्या कॅशचा आकडा सर्वांत मोठा, तिच्याकडे पान. दहा कॅश असतील तर दहा हॅश काढावे लागतात, संगणकाला ते काहीच नाही. अकरावी आली तर जिथे तिचा आकडा इतरांना मागे टाकतो तेवढीच पाने तिच्याकडे सरकतात, बाकीची हलत नाहीत. एखादी गेली तर तिची पाने उरलेल्या सगळ्यांत विखुरतात, एकाच शेजाऱ्याच्या डोक्यावर बसत नाहीत. १९९८ च्या कार्प या मसुद्यात प्रॉक्सींसाठी हीच कल्पना मांडली होती आणि स्क्विडमध्येही ती आहे. वीस-तीस कॅशपर्यंत आमची पसंती याच रीतीला. ती समजायला सोपी आहे आणि चुकायला जागा कमी.

कन्सिस्टंट हॅशिंगचा बोलबाला जास्त आहे. एमआयटीतील डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये मांडले. त्यांपैकी टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी पुढच्याच वर्षी अकामाई ही कंपनी काढली. हॅशचे सगळे आकडे एका वर्तुळावर मांडल्याची कल्पना करा. प्रत्येक कॅशला तिच्या नावाच्या हॅशप्रमाणे वर्तुळावर जागा मिळते. पानाची जागाही तशीच काढायची, तिथून घड्याळाच्या दिशेने निघायचे आणि पहिली भेटेल ती कॅश पानाची मालकीण. अकरावी आली की सरासरी अकरावा हिस्सा, म्हणजे ९ टक्के पाने सरकतात. वरच्या उदाहरणात मूळ सर्व्हरवरचा बोजा १,००० वरून १,८०० च्या आसपास जाईल. तोही कमी नाही, पण ९,००० नक्कीच नाही.

वर्तुळ काढणारे एक गोष्ट हमखास विसरतात. प्रत्येक कॅशला एकच बिंदू दिला तर वाटणी भयंकर विषम होते. दहा बिंदू यदृच्छेने पडले की सर्वांत लांब कंस सरासरी वर्तुळाच्या २९ टक्के भरतो आणि सर्वांत छोटा १ टक्का. एक कॅश ओझ्याने वाकलेली, दुसरी माशा मारत बसलेली. शिवाय एखादी पडली की तिचे सगळे काम घड्याळाच्या दिशेच्या पुढच्या एकीवर जाते, ती पडली की दोघींचे मिळून तिसरीवर, अशी उतरंड कोसळते. म्हणून प्रत्येक कॅशला १०० ते २०० आभासी बिंदू देतात. १०० बिंदूंना वाटणीतला चढउतार साधारण १० टक्क्यांवर येतो. दहा कॅशचे प्रत्येकी १५० म्हणजे १,५०० बिंदू. क्रमाने लावलेल्या यादीत त्यांतला हवा तो ११ तुलनांत सापडतो. दुप्पट साठ्याच्या यंत्राला दुप्पट बिंदू द्यायचे, ही सोय वर फुकट.

एवढे करूनही दोन ठिकाणी फसगत होते. एक, सदस्यांची यादी. हिशेब सगळ्यांचा सारखा असायला हवा तर यादीही सारखी हवी. एका यंत्राला वाटते सातवी कॅश जिवंत आहे, दुसऱ्याला वाटते मेली. दोघे एकाच पानासाठी दोन दारी जातात. आरोग्य-तपासणी जास्त हळवी ठेवली, एका चुकलेल्या उत्तरावर कॅश बाद आणि पुढच्या उत्तरावर पुन्हा आत, तर पाने सतत घर बदलत राहतात. सलग तीन-चार अपयशांनंतर बाहेर काढावे आणि आत घेताना त्याहून जास्त सलग यशांची अट घालावी. नाव म्हणून आयपी पत्ता (यंत्राचा जाळ्यावरचा क्रमांक) वापरण्यापेक्षा न बदलणारे नाव वापरावे. यंत्र बदलले, पत्ता बदलला, तरी घर तेच राहते.

दुसरी फसगत एकाच गरम पानाची. हॅश पानांची वाटणी समान करतो, मागणीची नाही. मुखपृष्ठाला सेकंदाला ४,००० विनंत्या असतील तर त्या सगळ्या एकाच कॅशवर जाणार, शेजारच्या नऊ निवांत असल्या तरी. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेला उपाय म्हणजे मर्यादा घालणे. कुठल्याही कॅशवरचे काम सरासरीच्या, समजा, १.२५ पटीपुढे गेले की विनंती वर्तुळावरच्या पुढच्या कॅशला द्यायची. अगदी गरम अशा मोजक्या पानांच्या प्रती प्रत्येक कॅशने थोड्या वेळापुरत्या स्वतःकडे ठेवल्या तरी भागते.

सदस्यांची पूर्ण यादीच कुणाकडे नसेल तर? लाखो संगणक, कुणी येतो, कुणी जातो. त्यासाठी वितरित हॅश तक्ते आहेत. २००१ मध्ये कॉर्ड, कॅन, पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री, २००२ मध्ये कॅडेम्लिया. प्रत्येकाला फक्त काही जण ठाऊक असतात आणि दर टप्प्याला उरलेले अंतर साधारण निम्मे होते. कॉर्डमध्ये दहा लाख संगणकांत सरासरी दहा टप्प्यांत ठिकाणा लागतो. गणित देखणे आहे. पण एक टप्पा ५० मिलिसेकंदांचा धरला तर नुसता शोधच अर्धा सेकंद खातो, आणि पान मूळ सर्व्हरवरून एवढ्या वेळात आलेही असते. मोठ्या फाइलींच्या वाटपात हे तक्ते टिकले, बिटटोरंट आजही कॅडेम्लियाच्याच घराण्यातला तक्ता वापरतो. साध्या पानांच्या कॅशिंगमध्ये मात्र त्यांचा जम बसला नाही.

कॅशच्या पलीकडचा ठावठिकाणा डीएनएसकडे, म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, असतो, आणि डीएनएस ही स्वतःच जगातली एक प्रचंड वितरित कॅश आहे, हे विसरले जाते. संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलवायचे तर नोंदीचे टीटीएल, म्हणजे ती किती सेकंद साठवायची ती मुदत, आधी कमी करावे लागते. टीटीएल ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल तर हलवण्याच्या किमान एक दिवस आधी ते ३०० वर आणायला हवे. हलवताना कमी करून उपयोग नाही, कारण जुनी नोंद जुन्या मुदतीसह जगभर साठवली गेलेली असते. 'असे नाव नाही' हे उत्तरही साठवले जाते. त्याचे नियम १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये आहेत. नवे नाव तयार करण्याआधीच कुणी उत्सुकतेने ते ब्राउझरमध्ये टाकून पाहिले, की नाव तयार झाल्यावरही त्याच्याकडे ते बराच वेळ 'नाही'च राहते. आधी नोंद करा, मग पाहा.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होते, तेव्हाही 'सर्व्हर डाऊन' असेच म्हटले गेले. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. डेटा केंद्रांशी संपर्क नाही हे पाहून डीएनएस सर्व्हरांनी स्वतःकडे येणारे मार्ग जगापुढून मागे घेतले. सर्व्हर चालू होते, त्यांच्यापर्यंत जायची वाट नव्हती.

ठिकाणा शोधण्याची आणखी एक जागा धोक्याची आहे, म्हणून ओझरता उल्लेख. कोणता प्रॉक्सी वापरायचा हे ब्राउझरने आपोआप शोधावे यासाठी डब्ल्यूपीएडी नावाची सोय आहे. ती यंत्राला जाळ्याची सेटिंग देणाऱ्या डीएचसीपीच्या २५२ क्रमांकाच्या पर्यायातून किंवा 'डब्ल्यूपीएडी' या ठरलेल्या नावातून सेटिंगची फाइल शोधते. त्या नावाला जो उत्तर देईल त्याच्या हाती सगळी रहदारी जाते. कार्यालयात ही सोय जाणूनबुजून वापरात नसेल तर यंत्रांवर ती बंद करून टाकावी.

प्रत सापडली, पण ताजी आहे का? शिळेपणाचे नियम एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमातच आहेत. २०२२ पासून ते आरएफसी ९१११ मध्ये एकत्र मिळतात. ते न वाचताच संकेतस्थळे चालवली जातात असे दिसते. सर्वांत सामान्य गफलत 'नो-कॅश' आणि 'नो-स्टोअर' यांची. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नका असे नव्हे, साठवा पण देण्याआधी मूळ सर्व्हरला विचारून खात्री करा. साठवूच नये असे वाटत असेल तर 'नो-स्टोअर'. काहीच लिहिले नाही तर कॅश स्वतः अंदाज बांधते, बहुतेकदा शेवटच्या बदलानंतर गेलेल्या काळाच्या १० टक्के. १०० दिवस न बदललेले पान मग पुढचे दहा दिवस ताजेच समजले जाऊ शकते, आणि त्याच दिवशी दुपारी केलेली दुरुस्ती कुणाला दिसत नाही. चित्रे आणि स्क्रिप्ट यांच्या नावातच आवृत्ती घालावी आणि मुदत वर्षाची, ३,१५,३६,००० सेकंदांची द्यावी. बदल झाला की नावच बदलते, शिळेपणाचा प्रश्नच उरत नाही.

कॅश-की म्हणजे कॅश ज्या खुणेने प्रत ओळखते ती. तिची आबाळ सर्वाधिक महागात पडते. जाहिरातींच्या मागासाठी पत्त्याला जोडलेली शेपटे, प्रश्नचिन्हानंतरच्या घटकांचा उलटसुलट क्रम, यांमुळे एकाच पानाच्या शेकडो प्रती तयार होतात आणि प्रत्येक वेगळ्या घरी जाते. कशानुसार वेगळी प्रत ठेवायची ते सांगणाऱ्या 'व्हॅरी' हेडरमध्ये 'यूजर-एजंट' (ब्राउझरची ओळख) लिहिणे म्हणजे ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी प्रत. त्यापेक्षा कॅश नसलेली बरी. उलट टोकाची चूक अधिक घातक आहे. लॉगिन केलेल्या माणसाचे पान 'प्रायव्हेट' न लिहिता सोडले की सामायिक कॅश ते पुढच्या वाचकाला देऊन मोकळी होते.

गर्दीच्या दिवसासाठी दोन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे. पानाला सेकंदाला २,००० विनंत्या आहेत आणि ते बनवायला मूळ सर्व्हरला ३ सेकंद लागतात. प्रतीची मुदत संपली की पहिले उत्तर येईपर्यंत ६,००० विनंत्या त्याच पानासाठी मूळ सर्व्हरवर धडकतात. कॅशने त्यांपैकी एकच पुढे पाठवावी आणि बाकीच्यांना थांबवून ठेवावे. त्याहून बरे म्हणजे नवी प्रत येईपर्यंत जुनीच देत राहावे. 'स्टेल-व्हाइल-रीव्हॅलिडेट' हा नियम २०१० पासून नेमका यासाठीच आहे, आणि त्याच्यासोबतचा 'स्टेल-इफ-एरर' मूळ सर्व्हर पडला तरी शिळे का होईना पान चालू ठेवतो. मुदतींत थोडा फरक टाकावा, ३०० सेकंदांऐवजी २७० ते ३३० मधली कुठलीही, म्हणजे सगळ्या प्रती एकाच ठोक्याला संपत नाहीत. सतत बदलणाऱ्या पानालाही एका सेकंदाची मुदत द्यायला हरकत नसते. तेवढ्यानेही २,००० विनंत्यांऐवजी प्रत्येक कॅशकडून सेकंदाला एकच मूळ सर्व्हरपर्यंत जाते.

व्यक्तिगत निकालाचे पान मात्र या औषधाला दाद देत नाही. प्रत्येक क्रमांकाचे पान वेगळे, मागणारे दोन-चार जणच. इथे हिटची आशा करणे चूक. सगळी पाने निकालाआधीच साध्या फाइली म्हणून बनवून ठेवावीत, आणि क्रमाने अंदाज बांधून दुसऱ्याचे पान उघडता येणार नाही अशी त्यांची नावे ठेवावीत. ऐन वेळी प्रत्येक विनंतीला डेटाबेस उपसत बसण्याची गरज राहत नाही.

जुनी सामायिक प्रॉक्सी मात्र आता जवळपास संपली. एचटीटीपीएस या सांकेतिक केलेल्या जोडणीत मधल्या कॅशला फक्त बंद नळी दिसते, आतले काही नाही. संकेतस्थळाच्या मालकाने ज्या वितरण-जाळ्याला (ठिकठिकाणी कॅश चालवणाऱ्या सेवेला) आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र सोपवले त्यालाच आत पाहता येते, म्हणून कॅश वाचकाच्या बाजूकडून मालकाच्या बाजूला सरकली. ब्राउझरांनीही आतली कॅश संकेतस्थळागणिक वेगळी केली. क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये आणि सफारीने त्याआधीच. कारण दुसऱ्या स्थळाची प्रत किती झटकन येते यावरून आपण कुठे कुठे गेलो होतो ते ताडता येत असे. त्यामुळे 'लोकप्रिय लायब्ररी (तयार कोड) सार्वजनिक पत्त्यावरून घ्या, वाचकाकडे ती आधीच असेल' हा सल्ला आता गैरलागू आहे, तरी तो अजून दिला जातो. आपल्याच पत्त्यावर ठेवली तर एक डीएनएस शोध आणि एक जोडणी वाचते.

आपल्या वार्ताहरांना पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडून नेटवर्कचा भाग पाहावा. नावच सापडत नसेल तर प्रश्न डीएनएसचा. जोडणी होऊन ५०२ किंवा ५०४ हा त्रुटी-क्रमांक येत असेल तर बहुधा मधली कॅश वा गेटवे जिवंत आहे आणि मूळ सर्व्हर उत्तर देत नाही. पान आले तर उत्तराच्या हेडरांत 'एज', म्हणजे प्रतीचे सेकंदांतले वय, पाहावे. दर वेळी आकडा वाढत असेल तर प्रत कॅशमधून येते. 'एज' नसेलच तर प्रत्येक विनंती मूळ सर्व्हरपर्यंत जात असण्याचा दाट संभव आहे, तिथे कितीही कॅश लावल्या तरी त्यांना कुणी विचारत नाही. आणि आकडा ४०, मग ३, मग ४१, मग पुन्हा ५ असा उड्या मारत असेल, तर विनंत्या निदान दोन कॅशकडे विखुरल्या जाताहेत आणि त्यांच्यातल्या वाटणीचा हिशेब एक तर चुकला आहे किंवा कुणी केलेलाच नाही.

कळावे,
वितरित संगणक-जाळ्यांचे काम करणारे काही वाचक